आठ नॅनोमीटर

सूक्ष्मदर्शक तळघरात ठेवलाय,
कारण सूस रोडवरून खडीचा डंपर गेला
की वरच्या मजल्यावर पेशीत भूकंप होतो.
एकवीस वर्षं मी इथं उतरते आहे.
चौदा पायऱ्या, चप्पल दाराबाहेर,
दिवा बंद.

पडद्यावर हिरवे ठिपके.
एकेक ठिपका म्हणजे एकेक पोतं.
पोत्याखाली कोण आहे ते दिसत नाही,
दिसतं फक्त चाललेलं पोतं.
हे वाक्य मी प्रबंधात लिहिलं होतं.
गाईड म्हणाले, उपमा काढा.
काढली.

पोत्याखालच्याचं नाव कायनेसिन.
त्याला दोन पाय. एक उचलला की दुसरा घट्ट.
पाऊल आठ नॅनोमीटरचं,
पावलाची मजुरी एटीपीचा एक रेणू.
आधी मजुरी, मग पाऊल. उधारी नाही.
गुलटेकडीत असं काही नव्हतं.

आप्पा मार्केट यार्डात, कांद्याच्या गाळ्यावर.
पितळी बिल्ला, त्याचा नंबर पुसट झालेला,
रोज रात्री चिंचेनं घासून घासून.
फेलोशिप मिळाली तेव्हा विचारलं त्यांनी,
नेमकं करणार काय तू?
म्हटलं, पेशीत माल कसा जातो ते बघणार.
जरा वेळ गप्प. मग,
"मुकादम कोन तिथं?"
मुकादम नाही, आप्पा.
"मंग भांडणं कोन सोडवतं?"

हसले होते मी.
पुढची नऊ वर्षं त्याच प्रश्नावर गेली.
एकाच पोत्याला दोन जातीचे हमाल धरलेले,
एक टोकाकडे ओढतो, एक केंद्रकाकडे,
आणि तरी माल जातो.
कोण सोडतं, कोण धरतं, कुणाच्या सांगण्यावरून?
तीन शोधनिबंध झाले. एक दोनदा परत आला.
आभारात आप्पांचं नाव घालायचं
एकदाही सुचलं नाही.

मधली तीन वर्षं अळ्या मोजल्या.
फळमाशीच्या, एक जनुक बिघडवलेल्या.
सरपटताना त्या शेपूट वर उचलतात,
कारण माल शेपटापर्यंत पोचतच नाही.
सोपान मक्याची खळ शिजवायचा,
सगळ्या मजल्यावर गुळाचा वास,
आणि मी वहीत लिहायचे:
उचललं, नाही उचललं, उचललं.

त्याच उन्हाळ्यात कधीतरी
आप्पा स्वारगेटवरून चालत घरी आले
आणि आई किंचाळली.
उजव्या पायात चप्पल नव्हती.
कुठं निसटली, त्यांना ठाऊक नव्हतं.
तळव्याला डांबराचे फोड आलेले, तेही नव्हतं ठाऊक.
ससूनमध्ये डॉक्टरनं अंगठ्याला चिमटा टेकवला,
कंप पावणारा, गाण्याच्या सुरासारखा.
कळतंय का, बाबा?
आप्पा माझ्याकडे बघत राहिले,
उत्तर मला येत असावं तसे.

येतच होतं.
कंबरेपासून अंगठ्यापर्यंत एकच पेशी,
माणसातली सर्वांत लांब.
सेकंदाला एक मायक्रॉन धरला
तर एका पोत्याला अकरा दिवस, चौदा तास,
तेही कुठं न अडता.
केसपेपरच्या मागं मी हे मांडत बसले.
"कसला हिसाब करतीस?"
म्हटलं, माल पोचायला किती दिवस लागतात त्याचा.
"आन् न्हाई पोचला तर?"
साखर जपायची, मी म्हटलं.
शास्त्रज्ञ मुलीनं दिलेलं उत्तर ते एवढंच.

डाव्या पायाची दोन बोटं गेली.
मग यार्ड गेलं. बिल्ला जमा करावा लागतो,
त्यांनी केला नाही, हरवला म्हणून सांगितलं.
आता तो माझ्या टेबलाच्या खणात आहे,
पिपेटच्या टोकांच्या डब्यामागं.

परवा झरीनचं पहिलं चांगलं चित्रण आलं.
रात्रीचे पावणेदोन, आम्ही दोघी अंधारात.
तिचा ठिपका सरळ चालला, चालला,
आणि मधेच थांबला.
"मॅडम, अडकला?"
थांब, म्हटलं. दम खातोय.
तिनं वहीत नोंद केली:
विराम, चार सेकंद.